करण्यात येत आहे

मंगळवारी सूचना येते तेव्हा
थंडर बेमध्ये उणे एकतीस असतं
आणि माझ्या ऑफिसातला प्रिंटर अजून तापलेला नसतो.
‘पात्र अभ्यासक्रमांच्या यादीत बदल करण्यात येत आहे.’
कोण करतंय, ते वाक्यात नाही.
क्रियापद आहे, तारीख आहे,
कर्ता मात्र कोट चढवून मागच्या दाराने गेलाय कुठेतरी.

दहाला सर्बोत्तम येतो.
पापण्यांवर दहिवर, बाहीला पीठ;
बेकरीतली रात्रपाळी संपवून थेट इकडे.
आठवड्याचे चोवीस तास, वर एक मिनिट नाही,
म्हणून तो मिनिटं मनगटावर पेनने लिहितो
आणि भांडी घासताना ती हात वर धरून सांभाळतो.
‘म्याडम, माझा कोर्स यादीत आहे ना?’

होता. काल संध्याकाळपर्यंत.
पण मी तसं म्हणत नाही.
मी म्हणते, ‘बघूया हं,’
आणि स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवते.

अर्ज जुन्या तारखेचा असता, तर चाललं असतं.
अर्ज अडला बँकेच्या पत्रापाशी.
पासपोर्टावर सर्बोत्तम, पत्रावर सर्वोत्तम.
व-च्या पोटात एक तिरकी रेघ ओढली की ब होतो,
आम्हा दोघांनाही पहिलीत शिकवलेलं,
त्याला बुटवलमध्ये, मला कुठे ते आता राहू दे.
ती रेघ ओढून यायला अकरा दिवस लागले.
नवव्या दिवशी यादी बदलली.

त्याचे वडील फोनवर विचारतात म्हणे,
‘एका रेघेचे किती पैसे पडतील? भरून टाकू.’

दुपारी लेम्पी कोस्केलाचा फोन.
तळघरातल्या दोन खोल्या, वर सौना,
ज्यात मागच्या वर्षीच्या पोरींनी तांदळाची पोती रचली होती
आणि एकीने, जसनूरने, लोणच्याची बरणीही मुरत ठेवली होती.
लेम्पी तेव्हा महिनाभर धुसफुसत होती.
आता विचारते, ‘सप्टेंबरात कोण येतंय?’
मी सांगते, नक्की नाही.
‘गाद्या नव्या घेतल्यात,’ ती म्हणते,
‘प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाहीये.’
मग जरा थांबून,
‘लाकडाला अजून वास येतो. मेथीचा.’
तक्रार आहे की काय, कळत नाही.

हॉटेल व्यवस्थापनाचा वर्ग
खालच्या मजल्यावर अजून भरतो.
डुबिन्स्की सर बारा रिकाम्या खुर्च्यांसमोर
नॅपकिनची घडी कशी घालायची ते दाखवतात,
तेराव्या खुर्चीवरची इफेयिन्वा एकटीच घडी घालते,
नीट, फार नीट,
कोपऱ्याला कोपरा.

मी आले ती एका जुन्या नियमाने.
तो नियम आता कुठेच राहत नाही.
त्याचा पत्ता विचारतात नवी मुलं,
‘तुम्ही कशा आलात, म्याडम?’
आणि मला पायाखालची शिडी ओढून घेतल्यासारखं होतं,
ओढणारी मी नसले तरी
वर तर मीच आहे.

साडेतीनला उजेड उतरायला लागतो.
तळ्यावर, बर्फाच्या पलीकडे,
उताणा निजलेला तो दगडी राक्षस.
त्याला कोणी उठवत नाही, त्याला कशाचंही नूतनीकरण लागत नाही.
सर्बोत्तम पुन्हा आलाय. झोपला नाहीये.
कागदी पिशवीत पाव, अजून कोमट.
‘राहिलेले दोन, फेकणार होते.’

मी फाईल उघडते. फेरविचाराचा अर्ज.
त्याने घरून लिहून आणलेलं पहिलं वाक्य:
‘विनंती करण्यात येत आहे की.’
कुठून शिकला, विचारत नाही.
मी ते खोडते. म्हणते, तू लिही. तू कोण?
तो बराच वेळ टेबलाकडे बघतो.
मनगटावरचे आकडे पुसट झालेत.
मग लिहितो: मी.
पुढचं काही सुचत नाही दोघांनाही.

प्रिंटर आपोआप घुरघुरायला लागतो.
बाहेर बाकावर अजून सहा जण,
एकाच्या बुटांचा बर्फ वितळून
ओघळ दारापर्यंत आलाय.
मी पाव मोडते, अर्धा त्याला देते.
तो म्हणतो, मीठ जास्त झालंय आज.
झालंय खरं.